कॉलेजचा बास्केटबॉल प्लेयर एनबीएत टिकेल का, हे कसं ओळखायचं: पायरी पायरीने

दर मार्चमध्ये तेच होतं. एनसीएएची, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या क्रीडा संघटनेची, 68 टीमची नॉकआउट स्पर्धा सुरू होते, आपल्याकडे लोक पहाटे साडेचारला उठून मॅच लावतात, तिकडे शिकायला गेलेली मुलं तर कॉलेजचा टीशर्ट घालून हॉलमध्येच बसलेली असतात, कुणीतरी एक पोरगा 30 पॉइंट ठोकतो आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर ठरलेलं असतं की हा पुढचा मोठा स्टार. दोन वर्षांनी त्याचं नाव कुणाला आठवत नाही आणि त्याच मॅचमध्ये कोपऱ्यात उभा असलेला, 11 पॉइंटवाला पोरगा एनबीएत, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये, रोज 30 मिनिटं खेळत असतो.

बघणाऱ्यांची नजर वाईट नसते, क्रम चुकतो. लोक पॉइंटपासून सुरू करतात आणि बाकीचं सगळं त्या मताला आधार म्हणून गोळा करतात. क्रम उलटा हवा. खाली जो दिलाय तो तसाच पाळा, मधली पायरी गाळू नका.

पूर्ण लेखात एक जोडी डोळ्यासमोर ठेवा. जानेवारी 2011, बीवाययू विरुद्ध सॅन डिएगो स्टेट, दोन्ही कॉलेजच्या टीम. बीवाययूच्या जिमर फ्रेडेटने त्या मॅचमध्ये 43 पॉइंट मारले. समोरच्या टीममध्ये कवाय लेनर्ड होता. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) फ्रेडेट 10 व्या नंबरला गेला, लेनर्ड 15 व्या. पुढे लेनर्ड दोनदा फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, दोनदा सर्वोत्तम डिफेंडर ठरला, आणि फ्रेडेटची एनबीएतली सरासरी 6 पॉइंटच्या आसपास राहिली.

पायरी 1: जागा किती आहेत ते आधी मोजा

एनबीएत 30 टीम. प्रत्येकीकडे 15 पक्के खेळाडू आणि 3 टू-वे करारावरचे (एनबीए आणि तिची खालची जी-लीग, दोन्हीकडे खेळणारे), म्हणजे जास्तीत जास्त 540 जागा, आणि त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या. दुसऱ्या बाजूला डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या सगळ्यात वरच्या गटात, साडेतीनशेच्या वर कॉलेजं. ड्राफ्टमध्ये दोन राउंड, फार तर 60 नावं, आणि त्यातही युरोप-ऑस्ट्रेलियातून येणारे असतातच.

पहिल्या राउंडमध्ये गेलेल्याला पहिल्या दोन वर्षांच्या पैशाची हमी असते. दुसऱ्या राउंडमध्ये तशी बांधील हमी नाही. 2015 मध्ये पंजाबचा सतनाम सिंग 52 व्या नंबरला डॅलसने घेतला, कॉलेज न खेळता थेट गेला होता तो, आपण सगळे केवढे खूश झालो होतो, पण एनबीएची एकही मॅच त्याला मिळाली नाही. ड्राफ्टमध्ये नाव येणं आणि नोकरी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून कागदावर आधी लिहा की "प्रोफेशनल" म्हणताना तुम्हाला नक्की काय म्हणायचंय: स्टार, स्टार्टर, बेंचवरून 15 मिनिटं खेळणारा, टू-वे आणि जी-लीगमध्ये ये-जा करणारा, की युरोप-चीनमध्ये चांगलं करिअर करणारा. फ्रेडेट शांघायमध्ये मोठा खेळाडू झाला, भरपूर खेळला, त्यामुळे "फेल गेला" म्हणणं अन्याय आहे. एनबीएच्या कामासाठी तो जुळला नाही, एवढंच.

तपासा: तुमच्या यादीत एकाच वर्षाचे 12 जण "भावी स्टार" असतील तर तिथेच थांबा. एका ड्राफ्टमधून खरे स्टार दोन-तीन निघाले तरी वर्ष चांगलं गेलं म्हणतात.

पायरी 2: कोणत्या मॅच बघायच्या ते ठरवा

हायलाइट बघून मत बनवायचं नाही. हायलाइटमध्ये चुकलेला शॉट नसतो, डिफेन्समध्ये झोपलेला क्षण नसतो, आणि बॉल हातात नसताना पोरगा काय करतोय हे तर कधीच नसतं.

पाच-सहा पूर्ण मॅच निवडा. एक नोव्हेंबर-डिसेंबरची, एक फेब्रुवारी-मार्चची, म्हणजे सुधारणा दिसते. किमान दोन तगड्या टीमविरुद्ध, त्यातली एक समोरच्या टीमच्या कोर्टवर. आणि एक मुद्दाम त्याची सगळ्यात खराब मॅच, जिथे 14 पैकी 3च शॉट गेलेत. ही मॅच सगळ्यात जास्त शिकवते, कारण शॉट जात नाहीये म्हटल्यावर हा पोरगा अजून कशाने टीमच्या कामी येतोय ते तिथेच कळतं.

पहिल्यांदा बघताना स्कोअर बघू नका, फक्त त्याच्यावर नजर ठेवा, बॉल कुठेही असो. एका कागदावर चारच रकाने करा: बॉल हातात, बॉलशिवाय अटॅकमध्ये, त्याच्या माणसावर डिफेन्स, आणि हेल्प डिफेन्स (सोबत्याचा माणूस सुटला की मदतीला जाणं). घटना घडली की खूण करा आणि दोन शब्द लिहा.

सावधान: छोट्या कॉन्फरन्सचा (कॉलेजांच्या गटाचा) आहे म्हणून खोडू नका. स्टेफ करी डेव्हिडसनचा, डेमियन लिलार्ड वेबर स्टेटचा, जा मोरांट मरे स्टेटचा. पण अशा खेळाडूच्या मोठ्या कॉलेजविरुद्धच्या ज्या दोन-तीन मॅच असतील त्या शोधून बघायलाच हव्यात, नाहीतर तुम्ही त्याच्यापेक्षा चार इंच बुटक्या डिफेंडरवर मारलेले शॉट मोजत बसाल.

पायरी 3: जन्मतारीख आणि मिनिटं

फ्रेशमन, सोफमोर, सिनियर (कॉलेजचं पहिलं, दुसरं, शेवटचं वर्ष) हे बघू नका, जन्मतारीख बघा. ड्राफ्टला यायला त्या कॅलेंडर वर्षात 19 पूर्ण व्हावे लागतात आणि अमेरिकन मुलांना हायस्कूलनंतर एक वर्ष थांबावं लागतं. त्यामुळे एकाच ड्राफ्टमध्ये 19 चा पोरगाही असतो आणि 23 चा माणूसही. 23 चा माणूस 19 च्या पोरांवर खांद्याने धक्का देत 20 पॉइंट करत असेल तर त्यात आश्चर्य काहीच नाही. एनबीएत सगळेच तसे खांदे घेऊन येतात.

2011 ला परत या. ड्राफ्टच्या रात्री फ्रेडेट 22 चा होता, लेनर्ड अजून 19 चा, आठवडाभराने 20 चा झाला. ही एकच गोष्ट नीट लक्षात घेतली असती तरी दोघांमधलं अंतर बरंच कमी दिसलं असतं.

मिनिटांचंही तेच. 2014-15 च्या केंटकीत इतके चांगले खेळाडू होते की कुणालाच पूर्ण वेळ मिळत नव्हता. कार्ल-अँथनी टाउन्स मॅचला साधारण 21 मिनिटं खेळला, 10.3 पॉइंटची सरासरी, आणि गेला पहिल्या नंबरला. डेव्हिन बुकर बेंचवरून यायचा, 10 पॉइंट, गेला 13 व्या नंबरला. नुसती पॉइंटची सरासरी बघणाऱ्याने दोघांनाही पान उलटून सोडून दिलं असतं.

पण वय म्हणजे तलवार नाही. ड्रेमंड ग्रीन चार वर्षं कॉलेज करून 22 व्या वर्षी आला, 35 वा पिक, म्हणजे ड्राफ्टमधली 35 वी निवड. जेलन ब्रन्सन 33 वा. दोघांच्याही बाबतीत लोकांनी वय आणि उंची बघितली, डोकं बघितलं नाही. वयाने शंका घ्यावी, निकाल देऊ नये.

पायरी 4: शरीर, आणि त्यात नक्की काय

कॉलेजच्या वेबसाइटवरची उंची खरी धरू नका, तिथे इंच-दोन इंच सर्रास वाढवलेले असतात. मे महिन्यात शिकागोला ड्राफ्ट कंबाइन होतो तिथे बूट काढून उंची, विंगस्पॅन म्हणजे हात पसरल्यावरची लांबी, आणि उभं राहून हात वर केल्यावरची पोच मोजतात. हे आकडे वापरा. उंचीपेक्षा पोच महत्त्वाची, कारण शॉट अडवतो तो हात, डोकं नव्हे.

वजन आणि ताकद यावर फार वेळ घालवू नका. 2007 ला केविन ड्युरँटला 185 पाउंडचा बेंच प्रेस एकदाही उचलता आला नव्हता. 19 वर्षांचा पोरगा भरतो. जे सहसा बदलत नाही ते म्हणजे कंबर आणि पाय: बाजूला सरकताना कमरेत किती खाली बसतो, दिशा बदलताना एक जादा पाऊल लागतं का, उडी मारून खाली आल्यावर लगेच दुसरी उडी मारू शकतो का. हे मॅचमध्येच दिसतं, मोजपट्टीने नाही.

मोठ्या सेंटरच्या बाबतीत अजून एक. कॉलेजमध्ये पेंट (बास्केटसमोरचा रंगवलेला चौकोन) 12 फूट रुंद असतो, एनबीएत 16 फूट. कॉलेजमध्ये जो बास्केटच्या जवळ पाठ टेकून बॉल मागतो त्याला तिकडे दोन फूट लांब उभं राहावं लागतं, आणि तिथून त्याचा हुक शॉट तसाच जात नाही. 2022 चा वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ऑस्कर शिब्वे, मॅचला 15 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) घेणारा, 2023 च्या ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नाही. 2021 चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू लुका गार्झा 52 व्या नंबरला गेला. दोघंही कॉलेजमध्ये जबरदस्त होते, पण मोकळ्या मैदानात छोट्या गार्डसमोर पाय हलवायची वेळ आली की काय होणार, हा प्रश्न सगळ्या टीमना होता. आणि नुसती उंची तर अजिबातच पुरत नाही, 7 फूट 3 इंचाचा हाशीम थाबीट 2009 ला दुसरा पिक होता, तरी एनबीएत टिकला नाही.

तपासा: पाच वेळा असं शोधा की समोरचा गार्ड त्याच्यावर वेगात येतोय. त्यात किती वेळा तो समोर टिकला?

पायरी 5: शॉट, पण फक्त थ्रीची टक्केवारी नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

कॉलेजचा एक सीझन म्हणजे 30-35 मॅच. कुणी मॅचला 5 थ्री (लाइनबाहेरून, तीन पॉइंटचे शॉट) मारत असेल तर वर्षात 170 च्या आसपास. एवढ्या कमी शॉटमध्ये खरा 36 टक्क्यांचा शूटर नशिबाने 32 पण दिसू शकतो आणि 40 पण. म्हणजे ज्या फरकावरून आपण तासभर भांडतो तो फरक बऱ्याचदा नुसता योगायोग असतो.

म्हणून चार गोष्टी एकत्र बघा.

पहिली, फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा शॉट. कुणी अंगावर नाही, अंतर ठरलेलं, त्यामुळे हाताची खरी जात तिथे कळते. टाउन्सने कॉलेजमध्ये पूर्ण वर्षात मोजून 8 थ्री मारले, गेले 2, पण फ्री थ्रो 81 टक्के. 2022 ला एनबीएची थ्री-पॉइंट स्पर्धा त्यानेच जिंकली. उलट मार्केल फुल्ट्झ, 2017 चा पहिला पिक, थ्री 41 टक्के आणि फ्री थ्रो 65 च्या खाली. पुढे त्याच्या खांद्याच्या दुखण्याने फार मोठं नुकसान केलं, ते वेगळं धरायलाच हवं, पण दोन आकड्यांमधली ती फट आधीपासून होती आणि तिथे प्रश्न विचारायला हवा होता. लेनर्डचं उलटं: शेवटच्या वर्षी थ्री 29 टक्के, सगळे म्हणाले शूटर नाही, फ्री थ्रो मात्र 76 टक्के. पुढे शॉट सुधारला.

दुसरी, किती मारतो. 40 टक्के पण मॅचला दोनच, तेही पूर्ण मोकळे, याच्यापेक्षा 36 टक्के पण मॅचला सात, पळत येऊन, हात अंगावर असताना, हा मोठा शूटर.

तिसरी, अंतर. कॉलेजची लाइन 22 फूट पावणेदोन इंच, एनबीएची समोरून 23 फूट 9 इंच. दीड फुटाच्या वर फरक आहे. कोपऱ्यात मात्र फरक किरकोळच. त्यामुळे त्याचे पाय लाइनच्या किती मागे आहेत ते बघत चला. लाइनला बूट चिकटवूनच मारणारा असेल तर तसं लिहून ठेवा.

चौथी, वेळ. बॉल हातात आल्यापासून सुटेपर्यंत किती लागतो. शॉट दिसायला कसा आहे यावर जाऊ नका, टायरीस हॅलिबर्टनचा शॉट बघून लोक नाकं मुरडत होते, 12 व्या नंबरपर्यंत घसरला, पण तो शॉट लवकर सुटायचा आणि जायचा. विचित्र चालतं, हळू चालत नाही.

पायरी 6: बॉल हातात नसताना काय

माझ्या मते निम्मा निकाल या पायरीवर ठरतो.

कॉलेजचा स्टार म्हणजे टीमचा सगळा अटॅक त्याच्यावर. एनबीएच्या टीममध्ये बॉल एक-दोघांच्या हातात असतो, बाकीच्यांना दुसरं काही काम यावं लागतं. कॉलेजमध्ये रोज बॉल हातात घेऊन खेळणारे शंभर जण दरवर्षी येतात, त्यातल्या दोघा-तिघांनाच तिकडे तोच रोल मिळतो. म्हणून प्रश्न असा विचारा: याच्या हातातला बॉल काढून घेतला तर कोच याला कोर्टवर का ठेवेल?

फ्रेडेटच्या बाबतीत याचं उत्तर एकच होतं, लांबून शूटिंग. आणि तेही त्याची सवय ड्रिबल करून स्वतःचा शॉट बनवायची. डिफेन्समध्ये कॉलेजात त्याला सांभाळून घेतलं जायचं, समोरच्या सगळ्यात कमी धोक्याच्या खेळाडूवर ठेवायचं किंवा झोन लावायचा (माणसाऐवजी जागा राखायची). लेनर्डकडे चार उत्तरं होती: रिबाउंड, लांब हात, समोरच्या चांगल्या खेळाडूला धरणं, आणि चुकीचा पास न देणं. शॉट गेला नाही तरी त्याला बाहेर बसवायला कारण नव्हतं, म्हणून त्याला शिकायला वेळ मिळाला. टिकलेल्या खेळाडूला शॉट सुधारायला दोन-तीन वर्षं मिळतात, बेंचवर बसलेल्याला मिळत नाहीत.

अटॅकमध्ये बघायचं: पास मिळाला की अर्ध्या सेकंदात ठरवतो का, शॉट, ड्राइव्ह की पुढचा पास, की बॉल धरून उभा राहतो? डिफेंडर मान वळवतो तेव्हा हा कट करतो का? टर्नओव्हर, म्हणजे समोरच्यांना घालवलेले बॉल, मोजताना प्रकार वेगळे लिहा. अवघड पास देताना चुकला तर मला ते चालतं, त्याला पास दिसला होता हे तरी कळतं. गर्दीत ड्रिबल करत घुसून बॉल घालवला तर ते वाईट.

डिफेन्समध्ये बघायचं: हा कुणाला धरतोय आणि कोच याला लपवतोय का. कॉलेजात मोठा खेळाडू पेंटमध्ये हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. एनबीएत 2001 पासून डिफेन्सचा तीन सेकंदाचा नियम आहे, कुणाला धरलेलं नसेल तर तिथे उभं राहता येत नाही. त्यामुळे तिकडे मैदान मोकळं होतं आणि कमजोर डिफेंडरला शोधून, स्विच करायला लावून (डिफेंडरांची माणसं बदलायला लावून), पुन्हा पुन्हा त्याच्यावरच अटॅक होतो. शॉट क्लॉकही, म्हणजे शॉट घ्यायची मुदत, 30 ऐवजी 24 सेकंदांची. लपायला जागाच उरत नाही.

सावधान: "मेहनती आहे, डिफेन्स शिकेल" हे वाक्य लिहायच्या आधी हेल्प डिफेन्सचा रकाना बघा. उशिरा पोचणं हे पायाचं असेल तर अवघड आहे, समज कमी म्हणून असेल तर सुधारू शकतं. कुठलं आहे ते खेळ थांबवून, मागे नेऊन बघा: पास सुटायच्या आधी याचं पहिलं पाऊल पडलं होतं का?

पायरी 7: आता आकडे उघडा

मत कागदावर आलं, आता ते आकड्यांनी तपासा. बार्ट टॉर्विकची कॉलेज बास्केटबॉलच्या आकड्यांची साइट फुकट आहे आणि तिथे फक्त पहिल्या 50 टीमविरुद्धचे आकडे वेगळे काढता येतात. रणजीत कमजोर टीमविरुद्ध केलेलं द्विशतक आणि मुंबईविरुद्ध केलेले 80 आपण एकाच तराजूत घालत नाही ना, तसंच.

मी हे बघतो: 40 मिनिटांमागचे आकडे, ट्रू शूटिंग टक्केवारी (पॉइंट भागिले दुप्पट, कशाच्या दुप्पट तर शॉटचे प्रयत्न अधिक फ्री थ्रोचे 0.44 पट), असिस्ट (ज्यावर बास्केट झाला तो पास) विरुद्ध टर्नओव्हर, रिमजवळचे शॉट किती आणि किती जातात, आणि स्टील-ब्लॉक, म्हणजे हिसकावलेले बॉल आणि अडवलेले शॉट. स्टील आणि ब्लॉक लोक दुर्लक्षित करतात, पण हात, पाय आणि अंदाज तिन्ही असल्याशिवाय ते येत नाहीत. फक्त जुगार खेळून स्टील घेणारे असतात, त्यांना तुम्ही पायरी 6 मध्ये पकडलेलं असेलच.

आता ट्रान्सफर पोर्टलमुळे पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात. दोन्ही कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवा. लहान टीममध्ये 20 पॉइंट, मोठ्या टीममध्ये 11 पण शूटिंग आणि डिफेन्स तसंच राहिलं, तर ती घसरण नाही, उलट चांगली खूण आहे.

तपासा: तुमचं मत आणि आकडे जुळत नसतील तर लगेच मत बदलू नका, आकडेही फेकू नका. अजून दोन मॅच बघा.

पायरी 8: मॉक ड्राफ्ट सगळ्यात शेवटी

आधी वाचलात तर तुम्हाला तेच दिसायला लागेल जे लिहिलंय. शिवाय मॉक ड्राफ्ट हा कोण कुठे निवडला जाईल याचा अंदाज असतो, कोण टिकेल याचा नाही. त्यातून उपयोगाची माहिती म्हणजे दुखापती, आणि टीमला काय हवंय. गुडघा, पाठ, पावलाचं हाड यांच्या जुन्या दुखापती लिहून घ्या. मेडिकल रिपोर्ट आपल्याला दिसत नाहीत, त्यामुळे एखादा अचानक दहा नंबर घसरला तर कारण तिथे असू शकतं.

पायरी 9: निकाल लिहा, तारखेसकट

एक शब्द लिहू नका, पल्ला लिहा. सगळं जुळलं तर काय, साधारण काय, बिघडलं तर काय. मग रोल, मग तो रोल मिळवून देणाऱ्या दोन गोष्टी, आणि कशामुळे तुमचं मत बदलेल ती एक गोष्ट. 2011 च्या मे महिन्यात लेनर्डसाठी या पद्धतीने असं काहीतरी आलं असतं: "साधारण: पहिल्या दिवसापासून डिफेन्स आणि रिबाउंडवर रोटेशनमध्ये. वर: कोपऱ्यातला थ्री जायला लागला तर मोठ्या टीमचा स्टार्टर. खाली: शॉट नाही आला तरी बेंचवर 15 मिनिटं. मत बदलेल: फ्री थ्रो घसरला तर." एवढा मोठा स्टार होईल हे यातून कळलं नसतं, पण 43 पॉइंटवाल्याच्या वर त्याला नक्की ठेवलं असतं.

समर लीग बघून हा कागद फाडू नका, जुलैमधल्या चार-पाच मॅच त्या. पहिल्या सीझननंतर फक्त दोन गोष्टी तपासा, मिनिटं कोणत्या कामासाठी मिळाली आणि फ्री थ्रो कुठे आहे. खरा हिशोब तिसरा सीझन संपल्यावर करा, कारण पहिल्या राउंडवाल्यांना चौथ्या वर्षी ठेवायचं की नाही याचा निर्णय टीमने तोपर्यंत घेतलेला असतो आणि टीम त्या पोराला काय समजते हे त्यातून कळून जातं.